परराज्यातून येणारी मासळी आणि तिची तपासणी: गोव्यातील २०१८ च्या फॉर्मेलिन प्रकरणानंतर उरलेले प्रश्न

मूळ लेख: खारेवारा (मडगाव)

१२ जुलै २०१८ रोजी पहाटे मडगावच्या घाऊक मासळी बाजारात गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पथकाने परराज्यांतून आलेल्या गाड्यांतील मासे तपासले. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तयार केलेल्या चाचणीपट्ट्यांवर काही नमुन्यांत फॉर्मेलिन हे नासणे रोखणारे रसायन असल्याचे दिसले आणि दुपार होण्याआधीच ती बातमी राज्यभर पसरली. त्याच दिवशी प्रयोगशाळेतील तपासणीनंतर प्रशासनाने हे प्रमाण अनुज्ञेय मर्यादेत असल्याचे जाहीर केले. ज्या रसायनाला माशात मिसळण्याची मुळी परवानगीच नाही, त्याची अनुज्ञेय मर्यादा कोणती, हा प्रश्न तेव्हा मडगावपासून पेडण्यापर्यंत प्रत्येक घरात विचारला गेला. पुढच्या आठवड्यात राज्य सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर पंधरा दिवसांची बंदी जाहीर केली. त्यानंतर त्याच वर्षाच्या अखेरीस बाहेरच्या व्यापाऱ्यांना अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी आणि उष्णतारोधक गाडी यांची सक्ती झाली, आणि पत्रादेवी व पोळे येथील राज्यसीमेवरच्या नाक्यांवर सिंधुदुर्गातल्या आणि कारवारच्या गाड्या अडू लागल्या.

मी मूळचा सिंधुदुर्गातला आणि आता मडगावात राहणारा असल्यामुळे या प्रकरणाच्या दोन्ही बाजूंची माणसे माझ्या रोजच्या बोलण्यातली आहेत. इतकी वर्षे उलटली तरी त्या जुलैमधून आपण नेमके काय शिकलो, याची नीट चर्चा झालेली मला दिसली नाही. छापा कधी पडला, बंदी कोणी घातली आणि कोणी उठवली, याची पुष्कळ चर्चा झाली, परंतु दोन दिवसांत नासणाऱ्या वस्तूची तपासणी कोठे, कधी आणि कोणी करावी, हा मूळ प्रश्न बाजूलाच पडला.

हे प्रकरण जुलै महिन्यातच का घडले, हे समजून घेतले तर बरेच काही उलगडते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी असते, तर पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते. म्हणजे पावसाळ्यात गोव्याच्या ताटात येणारा बराच मासा आंध्र, तामिळनाडू आणि ओडिशाच्या बंदरांतून शेकडो किलोमीटरांचा प्रवास करून आलेला असतो. ज्या मोसमात प्रवास सर्वांत लांब असतो, त्याच मोसमात मासा टिकवण्यासाठी गैरमार्ग वापरण्याचा मोहही सर्वांत मोठा असतो. मडगावच्या छाप्याच्या महिनाभरच आधी केरळच्या अन्नसुरक्षा विभागाने ‘ऑपरेशन सागर राणी’ मोहिमेत सीमेवरील नाक्यांवर फॉर्मेलिनयुक्त मासे मोठ्या प्रमाणात पकडले होते, आणि जुलैतच आसामनेही आंध्रातून येणाऱ्या मासळीवर दहा दिवसांची बंदी घातली होती. तेव्हा हा प्रश्न एकट्या गोव्याचा नव्हता.

माझे मत असे आहे की नाशवंत मालाच्या बाबतीत प्रयोगशाळेचा अहवाल हा तपासणीचा शेवटचा भाग असला पाहिजे. पहिला भाग म्हणजे गाडीचे दार उघडल्यावर आत किती बर्फ आहे, माशाच्या पोटातले तापमान किती आहे, माल कोणत्या बंदरावर कधी चढला आणि पेट्या व पाणी स्वच्छ आहेत का, हे रोज आणि प्रत्येक लिलावाआधी पाहणे. हे काम राजधानीतून अधूनमधून येणाऱ्या पथकाचे नव्हे, ते बाजारातच बसणाऱ्या स्थानिक यंत्रणेचे आहे. जाणकारांनी यावर सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद: मांडवीकाठ

खारेवारा, आपला मूळ मुद्दा मला मान्य आहे, परंतु त्या वेळच्या बंदीकडे आपण थोडे हलके पाहत आहात असे वाटते. आमच्या घरी रोज दुपारी हुमण (माशांची आमटी) असते आणि पाच वर्षांच्या मुलापासून ऐंशी वर्षांच्या आजीपर्यंत सगळे तेच जेवतात. फॉर्मेलिनमधले फॉर्मल्डिहाइड हे मानवात कर्करोग घडवणारे द्रव्य असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नमूद केले आहे. सकाळी ‘आहे’ आणि संध्याकाळी ‘आहे, पण मर्यादेत आहे’ असे ऐकल्यावर सामान्य माणसाने कशावर विश्वास ठेवायचा? अशा वेळी सरकारने सरसकट माल थांबवला, तर निदान संशयित मासा पोटात जात नाही. व्यापाऱ्यांचे नुकसान झाले हे खरेच आहे, परंतु व्यापाऱ्याचे नुकसान भरून काढता येते.

प्रतिसाद: शीतगृह (रत्नागिरी)

मी मत्स्यप्रक्रिया कारखान्यात गुणवत्ता नियंत्रणाचे काम अनेक वर्षे केले आहे, म्हणून या विषयाची शास्त्रीय बाजू मांडतो. मांडवीकाठ यांची चिंता रास्त आहे, मात्र ‘आहे’ आणि ‘मर्यादेत आहे’ या दोन्ही विधानांमागे एक खरी अडचण होती, ती समजून घ्यायला हवी.

फॉर्मेलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइड वायूचे पाण्यातले सुमारे ३७ टक्के तीव्रतेचे द्रावण. ते माशात घालणे बेकायदेशीर आहे, यात शंका नाही. परंतु फॉर्मल्डिहाइड बाहेरून न घालताही माशात तयार होते. समुद्रातल्या माशांच्या शरीरात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. मासा मेल्यावर त्याच्या स्वतःच्याच विकरांमुळे (एन्झाइममुळे) या पदार्थाचे विघटन होऊन काही प्रमाणात फॉर्मल्डिहाइड निर्माण होते. आपल्या किनाऱ्यावरचा बोंबील आणि त्याचा नातेवाईक चोर बोंबील या जातींत हे प्रमाण नैसर्गिकरीत्याच जास्त असते. बांगड्यात किंवा तारलीत ते फार कमी असते. म्हणजे बोंबलाच्या आणि बांगड्याच्या नमुन्यांत सारखाच आकडा आला, तर एका ठिकाणी तो निसर्गाचा असू शकतो आणि दुसऱ्या ठिकाणी भेसळीचा. २०१८ मध्ये जातींनुसार फरक करणारी मर्यादा हाताशी नव्हती आणि गोंधळाचे मूळ तेथेच होते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने माशांचे गट पाडून नैसर्गिक फॉर्मल्डिहाइडच्या मर्यादा सांगितल्या, त्या या गदारोळानंतर.

चाचणीपट्टीबद्दलही गैरसमज आहेत. पट्टी माशाच्या अंगावरून फिरवायची, त्यावर रसायनाचा थेंब टाकायचा आणि थोड्या वेळाने रंग पाहायचा, अशी ती सोपी रीत आहे. संशयित माल बाजूला काढण्यासाठी ती उत्तम आहे. परंतु ज्या माशाची पट्टी रंग बदलते, त्याचा नमुना प्रयोगशाळेत जाईपर्यंत तो माल ‘रोखलेला’ राहिला पाहिजे आणि त्याबाबत अंतिम विधान कोणी करू नये. त्या दिवशी बातमी आधी आणि निष्कर्ष नंतर, असे झाले.

आता मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट. फॉर्मेलिनच्या भीतीत आपण रोजचा आणि खूप मोठा धोका विसरतो, तो म्हणजे हिस्टामिन. बांगडा, कुपा, सुरमई अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा बर्फाविना राहिला की जीवाणू त्याचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात. ते खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे, उलट्या होणे असा त्रास काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत होतो, आणि पुष्कळदा त्याला ‘माशाची ॲलर्जी’ म्हणून सोडून दिले जाते. हिस्टामिन उकळून, तळून किंवा गोठवूनही नष्ट होत नाही. एकदा तयार झाले की ते त्या माशात राहतेच. त्यामुळे त्यावरचा खरा उपाय एकच आहे: मासा पकडल्यापासून तो सतत बर्फाच्या वितळबिंदूजवळच्या तापमानात ठेवणे. आपल्या हवामानात माशाच्या वजनाइतका बर्फ लागतो, असे आम्ही कारखान्यात शिकवत असू. गाडी मडगावात पोचल्यावर वरच्या थरावर ताजा बर्फाचा चुरा टाकून हा इतिहास झाकता येतो. म्हणून तपासनिसाने तळाची पेटी काढून, माशाच्या पोटात तापमापीची सुई खुपसून पाहिले पाहिजे.

घरगुती कसोट्यांविषयी एक सूचना करतो. माशी बसत नाही म्हणजे फॉर्मेलिन आहे, हा समज सोडून द्यावा, कारण नीट बर्फात असलेल्या उत्तम माशावरही माश्या फारशा बसत नाहीत. कल्ले लाल, डोळा फुगीर आणि मांस दाबल्यावर परत वर येणारे, या खुणा ताजेपणाच्या आहेत, रसायन नसल्याच्या नव्हेत. ग्राहकाला घरी बसून ही खात्री करता येत नाही, आणि म्हणूनच ती बाजारात दुसऱ्या कोणीतरी करून द्यावी लागते.

प्रतिसाद: कलमवाचक

कायद्याच्या बाजूने काही गोष्टी नोंदवतो.

१९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंध कायद्यात ‘स्थानिक (आरोग्य) प्राधिकारी’ ही संकल्पना होती आणि पुष्कळ नगरपालिका-महापालिकांकडे अन्न निरीक्षक असत. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ हा ५ ऑगस्ट २०११ पासून पूर्णपणे लागू झाला आणि तपासणीची साखळी राज्याच्या अन्नसुरक्षा आयुक्तांकडून पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे व तेथून अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे, अशी राज्यपातळीवर गेली. एकसूत्रतेच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु पहाटे चार वाजता भरणाऱ्या आणि आठ वाजता रिकाम्या होणाऱ्या बाजारात जो माणूस रोज हजर असतो, त्याच्या हातून अधिकार गेला. मडगावचा घाऊक मासळी बाजार दक्षिण गोवा नियोजन व विकास प्राधिकरणाच्या जागेत आहे, अन्नाची तपासणी राज्याच्या प्रशासनाकडे आहे, आणि शहराचा कचरा व स्वच्छता नगरपालिकेकडे. या तिघांमध्ये ‘आज लिलावाआधी तळाची पेटी कोणी उघडली’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला एकच माणूस बांधील नाही.

नमुन्याची कायदेशीर पद्धत पाहा. नमुना चार भागांत विभागायचा, त्यातला एक भाग अन्न विश्लेषकाकडे जाणार आणि त्याने अहवाल १४ दिवसांत द्यायचा. त्यावर हरकत असल्यास ३० दिवसांत अपील आणि संदर्भ प्रयोगशाळेची तपासणी. डाळ, तेल किंवा तिखट यांच्यासाठी ही मुदत चालते. मासा मात्र त्याच दिवशी विकला जातो, शिजतो आणि खाल्ला जातो. अहवाल आला की खटला चालवता येतो, पण त्या दिवशी जेवलेल्या माणसाचे संरक्षण झालेले नसते. कायद्याने यासाठी वाट ठेवलेली आहे: जप्त केलेला नाशवंत माल खाण्यास अयोग्य झाला असल्याची खात्री पटल्यास अधिकारी लेखी सूचना देऊन तो नष्ट करू शकतो, आणि सुधारणेची नोटीस किंवा तातडीची मनाईही देता येते. म्हणजे जागेवरच निर्णय घेण्याची तरतूद आहे, फक्त त्यासाठी जागेवर असावे लागते.

सरसकट बंदीबद्दल: अन्नसुरक्षा आयुक्तांना सार्वजनिक आरोग्यासाठी एखाद्या पदार्थाच्या विक्रीला एक वर्षापर्यंत मनाई करण्याचा अधिकार कलम ३० मध्ये आहे. मात्र तो अधिकार पदार्थाकडे पाहतो. राज्याची सीमा हा त्यातला निकष नव्हे. बाहेरचा मासा धोक्याचा आणि राज्यातला निर्धोक, अशी विभागणी कोणतीही चाचणी दाखवत नाही.

स्थानिक संस्थांसाठी एक दार मात्र उघडे आहे. छोट्या अन्न व्यावसायिकांची नोंदणी करणारा अधिकारी म्हणून महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या अधिकाऱ्यालाही अधिसूचित करता येते, असे २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांतच म्हटले आहे. त्याचा उपयोग फारसा कोणी केलेला दिसत नाही.

प्रतिसाद: दांडीकिनारा (मालवण)

आमच्या बाजूचे कोणी लिहील अशी वाट पाहत होतो, शेवटी मीच लिहितो.

मालवण, देवगड, वेंगुर्ले येथे संध्याकाळी लिलाव होतो आणि तो मासा रात्री निघून काही तासांत मडगावला किंवा म्हापशाला पोचतो. हा व्यापार राज्यांच्या सीमा आखल्या जाण्यापूर्वीपासून चालत आलेला आहे. छोट्या टेम्पोत प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये किंवा थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरून माल जातो. आंध्रातून दोन दिवस चालून आलेला मोठा ट्रक आणि तीन-चार तास चाललेला आमचा टेम्पो यांना एकच नियम लावला, तेव्हा मोठ्या व्यापाऱ्याने उष्णतारोधक गाडी विकत घेतली आणि छोटा माणूस नाक्यावर अडकला. अडकलेल्या गाडीतला बर्फ तासागणिक वितळतो. म्हणजे जो मासा नाक्यावर पोचेपर्यंत उत्तम होता, तोच तपासणीच्या रांगेत उभा राहून खराब होतो. सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमाने मासा असुरक्षित व्हावा, ही गोष्ट मनाला फार लागते.

तपासणीला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे असे आहे की ती मालवणच्या धक्क्यावर करा. लिलावानंतर माल भरताना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा किंवा मत्स्यव्यवसाय विभागाचा माणूस तापमान पाहून, वेळ लिहून पेटीला पावती लावू दे, आणि ती पावती गोव्याने मान्य करावी. बर्फाचीही तपासणी करा. खाण्याजोगा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ च्या जूनपासून तो निळा करण्याची सक्ती आली, पण धक्क्यावरच्या बर्फाचे पाणी कोठून येते हे कोणी पाहत नाही.

प्रतिसाद: मांडवीकाठ

दांडीकिनारा, आपले म्हणणे वाचून अंतराचा मुद्दा मला पटला. परंतु एक शंका राहते. ‘मालवणचा माल’ म्हणून सांगितलेल्या टेम्पोत दुसरीकडून आलेला मासा मिसळलेला नाही, हे कसे ठरणार? पावती कागदाची असेल, तर तिचीही भेसळ होते. आणि दोन राज्यांची प्रशासने एकमेकांच्या पावत्या मान्य करतील, याची मला आशा कमी वाटते.

प्रतिसाद: शीतगृह (रत्नागिरी)

ही शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर आपल्याच देशात, आपल्याच किनाऱ्यावर आहे. १९९७ मध्ये युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मत्स्योत्पादनांवर बंदी घातली. त्यानंतर निर्यात तपासणी परिषदेने कारखाने एकेक करून तपासले, मान्य कारखान्यांना क्रमांक दिले, आणि माल कोणत्या बोटीतून, कोणत्या धक्क्यावरून, कोणत्या दिवशी आला याची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. युरोपने नंतर आयात पुन्हा उघडली, ती या मान्य कारखान्यांच्या यादीपुरती. म्हणजे तिकडे बंदी संपली ती तारीख उलटल्यामुळे नव्हे. माल देणारा ओळखीचा आणि जबाबदार झाला, म्हणून ती संपली.

रत्नागिरीच्या ज्या धक्क्यावर मी काम केले, तेथे एकाच बोटीतला मासा दोन वाटांनी जात असे. निर्यातीच्या वाटेवरच्या प्रत्येक पेटीचे तापमान लिहिले जाई आणि हिस्टामिनचे नमुने काढले जात. स्थानिक बाजाराच्या वाटेवर कोणी काहीच विचारत नसे. परदेशातल्या ग्राहकासाठी आपण जी शिस्त पाळू शकतो, ती मडगावच्या किंवा कोल्हापूरच्या ग्राहकासाठी पाळणे अशक्य आहे, असे मी कधीही मानणार नाही. त्यासाठी लागणारी तापमापी स्वस्त असते आणि ती वापरायला शिकवण्यास एक सकाळ पुरते.

मिसळलेल्या मालाबद्दल सांगायचे तर पावती खोटी करता येते, पण माशाचे तापमान आणि त्याची अवस्था खोटी करणे कठीण असते. दोन दिवस जुना बांगडा संध्याकाळच्या लिलावातला म्हणून आणला, तर त्याचे कल्ले आणि पोट अनुभवी तपासनिसाला लगेच सांगतात. म्हणून कागद आणि माणूस, दोन्ही हवेत.

प्रतिसाद: कलमवाचक

गाडीच्या खर्चाबाबत एक माहिती. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत उष्णतारोधक व शीतवाहने, बर्फाचे कारखाने, इतकेच नव्हे तर बर्फपेटी बसवलेल्या दुचाकी व तीनचाकी यांसाठीही साहाय्य आहे. सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के असे त्याचे प्रमाण आहे. किनाऱ्यावर मासळीचा व्यापार मोठ्या प्रमाणात स्त्रियांच्या हातात असल्याने ही तरतूद त्यांच्यापर्यंत पोचणे फार आवश्यक आहे. सक्ती आधी आणि साहाय्य नंतर, असा क्रम २०१८ मध्ये झाला होता.

प्रतिसाद: खारेवारा (मडगाव)

सर्वांचे मनापासून आभार. चर्चेतून माझ्या मनात जे पक्के झाले, ते लिहितो, कारण आमच्या भागातील काही ग्राहक आणि मासेविक्रेत्या मिळून बाजाराच्या व्यवस्थापनाकडे आणि अन्न व औषध प्रशासनाकडे एक निवेदन देणार आहोत.

पहिली मागणी अशी की घाऊक बाजारात लिलावाच्या वेळी प्रशिक्षित तपासनीस रोज उपस्थित असावा आणि त्याला माल रोखण्याचा अधिकार असावा. राज्याकडे तितके अधिकारी नसतील, तर त्यांनी बाजाराच्या व नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक पाहणीसाठी नेमावे आणि संशयित मालापुरते आपल्या अधिकाऱ्याला बोलवावे. दुसरी मागणी प्रवासाच्या वेळेनुसार नियमांची. बारा तासांपेक्षा कमी प्रवास असलेल्या मालाला बर्फ आणि तापमान यांची अट ठेवावी, गाडीच्या प्रकाराची नको. त्याहून लांबच्या मालाला उष्णतारोधक गाडी, चढल्याच्या वेळेची नोंद आणि अधिक नमुने, असे सर्व असावे. बारा तासांचा आकडा माझा आहे. शीतगृह किंवा अन्य कोणी अधिक योग्य मर्यादा सुचवल्यास ती घेऊ.

मांडवीकाठ यांनी विश्वासाचा जो प्रश्न मांडला, त्यासाठी तिसरी मागणी आहे आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. किती गाड्या आल्या, किती तपासल्या, कोणत्या जातीचे किती नमुने काढले, किती माल रोखला आणि त्याचे पुढे काय झाले, हे त्याच दिवशी बाजाराच्या दारावरील फलकावर कोंकणीत आणि मराठीत लिहिले जावे. चाचणीपट्टीचा निकाल आणि प्रयोगशाळेचा निकाल वेगवेगळ्या रकान्यांत असावेत, आणि माशाची जात लिहिल्याशिवाय कोणताही आकडा लिहू नये. पावसाळ्यात ही नोंद अधिक काटेकोर असावी.

प्रतिसाद: शीतगृह (रत्नागिरी)

बारा तासांच्या आकड्याबद्दल: वेळेची मर्यादा ठेवा, परंतु तिच्यासोबत तापमानाचीही ठेवा, कारण बर्फ नसलेल्या टेम्पोतला बांगडा मे महिन्यात चार तासांतही बिघडतो. गाडीतल्या तीन वेगवेगळ्या थरांतील माशांचे गाभ्यातले तापमान घ्यावे आणि चार अंशांच्या वर असलेला बांगडा, कुपा किंवा सुरमई हिस्टामिनच्या तपासणीपर्यंत बाजूला ठेवावी, असे निवेदनात लिहा. बोंबील आणि चोर बोंबील यांच्यासाठी फॉर्मल्डिहाइडच्या रकान्यात ‘नैसर्गिक प्रमाण अधिक असणारी जात’ अशी खूण ठेवा. मसुदा येथे टाकलात तर मी तांत्रिक भाग तपासून देतो.

प्रतिसाद: दांडीकिनारा (मालवण)

मालवणच्या लिलावातून निघणाऱ्या मालाची वेळ आणि तापमान आम्ही काही गाडीवाले स्वतःहून लिहायला तयार आहोत, सरकारी पावतीची वाट न पाहता. मडगावच्या बाजारात ती वही पाहून तिथल्या तापमानाशी ताडून घेणारा कोणी भेटला, तर येत्या ऑगस्टपासून, मासेमारीबंदी उठल्यावर, सुरुवात करू. वहीत कोणते रकाने असावेत ते शीतगृह यांनी कृपया कळवावे.